फिरस्त्याचं घर

1981 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्यात भरलं, तेव्हा अध्यक्ष होते गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा. 1912मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यात संमेलन झालं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांनी शहराला हा मान मिळाला होता. आम्ही तेव्हा जठारपेठेत भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांचं वाचन म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल, नकाशे आणि प्रवासवर्णनं. कथा-कवितेच्या वाटेला ते फारसे जात नसत. तरीही गोनीदा येणार म्हटल्यावर त्यांनी रजा टाकली आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून मंडपात नेलं. त्यांच्या मते कारण सरळ होतं. हा माणूस नर्मदेभोवती पायी फिरून आलाय आणि तो आपल्या परतवाड्याचा आहे.

गेल्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. आलेला प्रत्येकजण एक वाक्य बोलून गेला, "त्याइले फिरायची भारी हौस होती." वर्षभरापूर्वी निधनवार्तेतही तेच छापून आलं होतं. वाक्य खरं आहे, पण त्यात आईचं काहीच येत नाही, आम्हा भावंडांचंही येत नाही. एक नवरा, एक बाप आयुष्यभर फिरत राहिला, तेव्हा त्याच्या घरानं काय केलं, हे त्या ओळीत कुठं आहे? या प्रश्नाशी मी वर्षभर बसले आहे, आणि उत्तर शोधताना पुन्हा पुन्हा गोनीदांपाशीच येऊन थांबते. फिरस्ता आणि गृहस्थ ही दोन्ही नाती एकाच माणसानं निभावल्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण वऱ्हाडातच जन्माला आलं आहे.

8 जुलै 1916 हा गोनीदांचा जन्मदिवस, गाव परतवाडा. तिथून चिखलदऱ्याचा घाट जवळ आणि गाविलगडही जवळ. शाळा सातवीत सुटली. गांधीजींच्या हाकेनं भारावलेला तेरा वर्षांचा हा पोरगा स्वातंत्र्याच्या चळवळीत जायला म्हणून घराबाहेर पडला. पुढे त्याला गाडगेबाबा भेटले. तेही आपल्याच मुलखातले, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. गावं झाडत, कीर्तनं करत हिंडणाऱ्या त्या थोर माणसाच्या मागं हा मुलगा फिरला. मग वेदान्ताचा अभ्यास झाला, औंधला पंडित सातवळेकरांकडे राहणं झालं, नर्मदेची परिक्रमा झाली. ज्यांनी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचली आहे त्यांना ही परिक्रमा ठाऊक आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र ओलांडायचं नाही, भिक्षेवर राहायचं, असा तिचा नेम. पायी चालणाऱ्यांसाठी जुन्या लोकांनी तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस इतकी मुदत सांगून ठेवली आहे. त्या आधीच्या भटक्या वर्षांची हकीकत 'स्मरणगाथा'त आहे. त्या पुस्तकाला 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना आवडते. घर सोडून निघालेल्या माणसाचं आपल्याला फार कौतुक असतं. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हा माणूस परत आला, त्यानं लग्न केलं, संसार मांडला आणि 1947च्या सुमारास ठरवलं की आता फक्त लेखणीवर जगायचं. तळेगाव दाभाड्याला घर केलं. पुस्तकाचं मानधन येईल तेव्हा येणार, किराणा मात्र रोज लागणार. अशा घराचा हिशेब ज्यांच्या हातात होता त्या त्यांच्या पत्नी नीराताई. 'शितू', 'पडघवली', 'मृण्मयी', 'माचीवरला बुधा' ही नावं मराठी माणसाला पाठ आहेत. ती लिहिणारा माणूस मधेच उठून राजमाचीला किंवा रायगडाला जायचा आणि कधी परतेल याचा नेम नसायचा. अशा घरात चूल थंड न होऊ देणं हे केवढं काम आहे, ते कुठल्याही वऱ्हाडी बाईला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग गोनीदांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. त्यांनी घराच्या माणसांना वाटेवर घेतलं. मुलगी वीणा, पुढे जावई विजय देव, मग नाती, सगळे त्यांच्यासोबत किल्ले चढले. घरचे त्यांना आप्पा म्हणत. नात मृणाल कुलकर्णी पडद्यावर जिजाबाई झाली, तेव्हा ते गड तिला नवे नव्हते. आजोबांनी ते पायाखालून घातले होते. गोनीदा गडावर कॅमेरा घेऊन जात. दगड गोळा करत, अत्तरं बनवत. असल्या छंदांचा पसारा घरात कुठं ठेवायचा हा प्रश्नही घरच्यांचाच असतो. पण त्या घरानं तो पसारा हौसेनं सांभाळला. वीणाताईंनी वडिलांचं चरित्र लिहिलं, 'आशक मस्त फकीर'. देव कुटुंबानं त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं. ज्या माणसाचं फिरणं घराला बोच म्हणून उरलं असतं, त्याच्यासाठी घर असं कशाला करेल?

गोनीदा 1 जून 1998ला गेले. कुटुंबानं त्यांच्या स्मरणार्थ 'मृण्मयी' पुरस्कार सुरू केला आणि त्याच्या जोडीला दुसरा पुरस्कार ठेवला तो 'नीरा-गोपाल' या नावानं. ही जोडी मला फार आवडते. नवऱ्याच्या आठवणीत बायकोचं नाव आधी घेतलेलं आहे. ऑक्टोबर 2024मध्ये वीणाताईही गेल्या. त्यानंतर मी त्यांचं पुस्तक पुन्हा काढून वाचलं, आणि बाबांबद्दल लिहायला घेतलं ते त्यानंतरच.

बाबांचं फिरणं गोनीदांसारखं नव्हतं. ते नोकरदार माणूस. रजा मोजून मिळायची, पगारही मोजून. पण सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत असते, स्वग्रामची आणि महाराष्ट्र दर्शनाची, तिचा एक पैसाही त्यांनी कधी वाया जाऊ दिला नाही. रेल्वेचं सर्क्युलर तिकीट ही तर त्यांची खास विद्या. निघायचं आणि परतायचं स्टेशन एकच, मधे आठ ठिकाणी उतरायची मुभा, आणि लांब अंतराच्या दरानं भाडं कमी. कुठून कसं वळलं म्हणजे एक गाव जास्त पदरात पडेल, याचा हिशेब ते रात्र रात्र मांडत बसत. 1988मध्ये एसटीनं 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही लाल गाडीच्या खिडकीशी बसून सगळा महाराष्ट्र पाहिला. धुळीनं केस लाल व्हायचे.

मोटर नव्हती, पैसा नव्हता, तरी जवळचं काही त्यांनी सोडलं नाही. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची छत्री, मन आणि म्हैस नद्यांच्या काठचा तो किल्ला, हे सायकलीवर. नरनाळा अकोटावरून. शहानूर गावाशी उतरायचं आणि चढू लागायचं. महाकाली दरवाजापाशी बाबा हमखास थांबत. 1487 साली इमादशाहीच्या फतेउल्लानं बांधलेला तो दरवाजा, त्याच्यावरची दगडातली नक्षी. बाबा तिच्यावरून हात फिरवून म्हणायचे, "पाहा पोट्टे हो, हे आपल्या जिल्ह्यात आहे. लोक पार राजस्थानात जातात पाह्याले."

पण त्यांचा खरा जीव होता मीटरगेजवर. अकोल्याहून खंडव्याला जाणारी ती लहान लाईन. काचीगुड्याहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून जायची. अकोट, हिवरखेड, वान रोड, मग मेळघाटचं रान सुरू. धूळघाटला रूळ वळसा घेत चढतो आणि स्वतःच्याच वरून पुढे जातो. तिथं गाडी आली की बाबा आम्हाला झोपेतून उठवत. खाली बघा, आत्ता आपण तिथं होतो. पुढे तुकईथड, खंडवा आणि त्याच्याही पुढे ओंकारेश्वर रोड. 'भ्रमणगाथा' वाचून झाल्यावर बाबांनी आम्हाला नर्मदा दाखवायला नेलं ते याच गाडीनं. परिक्रमा करणं त्यांना जमणारं नव्हतं, पोरं लहान, नोकरी. पण ओंकारेश्वरच्या घाटावर एका परकम्मावासीच्या शेजारी ते तासभर बसून राहिले आणि आईनं डब्यातल्या दशम्या त्या माणसाला वाढल्या.

आता ती लाईन नाही. 2016 संपता संपता अकोला-खंडवा मीटरगेज बंद झाली. अकोल्यापासून अकोटपर्यंत मोठी लाईन आली, पण पुढचा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून न्यायचं ठरलं. वाघांसाठी ते चांगलं झालं, असंच मी म्हणेन. बाबाही तसंच म्हणाले होते. फक्त त्यांनी जुनं टाइमटेबल मात्र रद्दीत दिलं नाही.

त्या टाइमटेबलच्या समासात बाबांच्या अक्षरात वेळा आहेत. गाडी किती उशिरा सुटली, कुठं पाणी घेतलं, अंतर किती. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री मी ते आईपुढं ठेवलं आणि विचारलं, या ओंकारेश्वरच्या सहलीचं तुला काय आठवतं? मग आई जे बोलू लागली ते समासात कुठंच नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला गाडीत ताप भरला होता. तुकईथडला एका कोरकू बाईनं तिच्या लुगड्याचा पदर ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला. खंडव्याला बाबा चहा आणायला उतरले आणि गाडी हलली, तेव्हा आईनं तिन्ही पोरं आणि वळकटी दारात ओढून घेऊन ठेवली होती, न जाणो उतरावं लागलं तर. ते धावत येऊन चढले. त्या दोघांनी ही गोष्ट आम्हाला कधीच सांगितली नव्हती.

मी विचारलं, "तुले राग नाही यायचा?"

"येत होता नं. पण त्याइले अडवून काही फायदा नव्हता. मंग मीच म्हटलं, जाता तं आमालेबी न्या."

पोस्टातली आरडी आईच्या नावावर होती. तिनं शिवणकाम करून भरलेली. सर्क्युलर तिकिटं त्यातून निघाली, हे मला त्या रात्री कळलं. सवलतीतल्या प्रवासाचं भाडं सरकार द्यायचं, आमची सगळ्यांची वरची खर्ची आई द्यायची. निघायच्या आधी दोन दिवस ती दशम्या, तिळाची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा करून डबे भरायची, परत आल्यावर दोन दिवस धुणं. मधल्या दिवसांत ती प्रवासी असायची, आणि तीही बाबांइतकीच उत्सुक. फक्त तिची हौस कुणी बोलून दाखवली नाही. शोक करायला आलेल्यांनीही नाही.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचे गुडघे गेले. फिरणं सातव चौकापर्यंत आलं, मग गेटपर्यंत. तेव्हा आई त्यांना टाइमटेबल वाचून दाखवायची. स्टेशनाचं नाव तिनं घ्यायचं, पुढचं त्यांनी सांगायचं. अकोट, पाटसूल मागे की पुढे, यावर दोघांचा वाद व्हायचा. नवरा-बायकोचं नातं प्रवासानं तुटतं असं म्हणणारे असतील. मी तरी माझ्या घरात ते प्रवासानं घट्ट होताना पाहिलं. ज्या पुरुषानं फिरताना घराला सोबत घेतलं, तो घरात कायमचा राहिला. आणि ज्यानं घराला फक्त निरोप दिला, त्याच्या आठवणीला घरचे लोक जन्मभर थोडे परकेच राहतात. असे पुरुषही मी जठारपेठेतच पाहिले आहेत.

गोनीदांना लिहिणारी मुलगी मिळाली. प्रत्येक फिरस्त्याच्या नशिबात ती नसते. म्हणून ज्यांच्या घरी असा माणूस होऊन गेला असेल, किंवा अजून आरामखुर्चीत बसून टाइमटेबल चाळत असेल, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. या दिवाळीच्या सुट्टीत घरातला जुना अल्बम काढा. आईला, आजीला, काकूला शेजारी बसवा. प्रत्येक फोटो कुठला, कोणत्या साली, सोबत कोण होतं आणि त्या दिवशी काय झालं, ते तिला विचारा. बाबांची बाजू तिकिटांवर आणि डायऱ्यांत कुठं ना कुठं सापडेल; तिची बाजू फक्त तिच्याकडे आहे. ती सांगेल ते पेन्सिलीनं फोटोच्या मागं लिहून ठेवा, शाईनं नको, फोटोवर उतरते. आणि गाव आठवत नसेल तर तिला घाई करू नका, पुढचा फोटो घ्या, मग ते आपोआप आठवतं.