अकरा माशांचं बिऱ्हाड



मे महिन्यात आम्ही पलसाण्यातलं जुनं घर सोडून दोन किलोमीटरवरच्या नव्या रो-हाउसमध्ये राहायला आलो. कपाटं, भांडी, देव, आईच्या लोणच्याच्या बरण्या, सगळ्याची यादी मी लॅपटॉपवर केली होती. सॉफ्टवेअरवाला माणूस मी; एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर हलवणं हे रोजचंच काम. यादीतली शेवटची ओळ होती: 'मासे – ११'.

हे अकरा गोल्डफिश आप्पांचे. डाइंग मिलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात दोन हजार लिटरचा हौद बांधला. संध्याकाळी गल्लीतले दोघे-तिघे तिथे चहाला जमायचे. घर बदलायचं ठरलं तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "माशांचं काय?" नव्या अंगणातही हौद बांधू, असा मी शब्द दिला.

हौद बांधून झाला. पण नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. आप्पांनी मिलमधल्या सवयीने पीएचची पट्टी बुडवली, तर आकडा १० च्या वर! गोल्डफिशला ७ ते ८ च्या आसपासचं पाणी मानवतं. म्हणजे हौद भरायचा, तीन-चार दिवस तसाच ठेवायचा, उपसायचा आणि पुन्हा भरायचा. त्यात तीन आठवडे जाणार होते. तोवर माशांचा मुक्काम पाचशे लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत.

मासे हलवायचे त्या दिवशी आप्पा लग्नासाठी अमळनेरला गेले होते. मी मात्र सगळा अभ्यास केला होता. आदल्या दिवशी खाणं बंद, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होतं. उन्हाच्या आत, सकाळी सहाला निघालो. टाकी सावलीत, वर जाळी, कारण नव्या जागी बावरलेला मासा उडी मारतो. हवेचा पंप दिवसरात्र चालू, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. जुन्या हौदाचं पाणीसुद्धा पिंपांत भरून आणलं. आणि फिल्टरचा काळपट, बुळबुळीत स्पंज नळाखाली धरून, साबण न लावता, पण अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. नव्या घरात घाण कशाला न्यायची?

चौथ्या दिवशी मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकू लागले. संध्याकाळपर्यंत दोन गेले. त्यातला एक आप्पांचा सगळ्यात जुना.

आप्पा परत आले, टाकीत डोकावले आणि विचारलं, "स्पंज धुतलास?"

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. तो साचला की त्यांच्यासाठी विषच. हौदातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, दगड, भिंती यांना चिकटून राहतात. मी जपून आणलं ते पाणी आणि धुऊन टाकली ती त्यांची वस्ती. नव्याने ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

उपाय साधेच होते. खाणं बंद. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं. नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच. नायट्राइटचा त्रास कमी व्हावा म्हणून लिटरमागे एक ग्रॅम खडेमीठ, बिनआयोडीनचं. पण खरा उपाय जुन्या गल्लीतून आला. शेजारच्या काकांच्या घरी काचेची मत्स्यपेटी आहे. आप्पांनी फोन केला आणि अर्ध्या तासात काका स्कूटरवरून आपल्या फिल्टरचा अर्धा स्पंज ओल्या पिशवीत घालून घेऊन आले. आल्या आल्या म्हणाले, "धोशो नहीं हां!" म्हणजे, हा तरी धुऊ नका! आठवड्याभरात मासे नीट खाऊ लागले.

त्या दिवशी काका दोन तास बसले. आप्पा इतके बोलताना मी नव्या घरात प्रथमच पाहिले. खोली, पंखा, टीव्ही, पश्चिमी पद्धतीचं शौचालय, आप्पांसाठीची माझी यादी पूर्ण होती. संध्याकाळचा चहा तीत नव्हता.

जूनच्या मध्याला हौदाचं पाणी ८ च्या खाली आलं. नऊ मासे आत सोडायच्या दिवशी आम्ही जुन्या गल्लीला चहाला बोलावलं. आता दर गुरुवारी कुणी ना कुणी येतं. नाही आलं, तर मी आप्पांना स्कूटरवरून तिकडे सोडतो.

तुमच्याकडेही घर बदलायचं चाललं असेल आणि मासे असतील, तर फिल्टर धुऊ नका; हौदाच्याच पाण्यात हलकेच पिळा आणि ओलाच न्या. आणि सामानाची यादी करायला घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन बसा. मी एकट्याने केली होती.