हमी कोणासाठी?

जानेवारी 1993 मध्ये दिघीच्या जेट्टीवर शस्त्रे उतरली. पाठोपाठ फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. 12 मार्चला मुंबईत 257 निरपराध माणसे मेली. गुन्हा रायगडच्या किनाऱ्यावरून आला, पण शिक्षेची मर्यादा ठरली लिस्बनमध्ये!

पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. म्हणून अबू सालेमला सोपविण्यापूर्वी भारताने डिसेंबर 2002 मध्ये लेखी हमी दिली की, त्याला फाशी होणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैदही होणार नाही. 2005 मध्ये तो भारतात आला. 2017 मध्ये टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, त्याच निकालात दुसऱ्या दोघांना फाशी सुनावली. सरकारने दिलेला शब्द सरकारला पाळावाच लागेल, असे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

गुन्हेगाराचे लाड कशाला, असे काही लोक विचारतात. आम्ही तसे म्हणणार नाही. जून 1949 मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनीच फाशीची शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. हमी चुकीची नाही. ती फक्त परदेशातून पकडून आणलेल्यालाच का मिळते, हा आमचा सवाल आहे.

2018 मध्ये विजय मल्ल्याच्या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातील बराकीचा व्हिडिओ मागविला. उजेड, हवा, संडास दाखविण्यासाठी सरकार धावले. त्याच तुरुंगात दाटीवाटीने झोपणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यासाठी असा व्हिडिओ कोणत्या कोर्टाने मागविला? 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती 16.6 टक्के, कच्च्या कैद्यांत मात्र सुमारे एक पंचमांश. संविधानाचे कलम 21 मल्ल्यासाठी वेगळे आणि आमच्या पोरासाठी वेगळे आहे काय?

प्रत्यार्पणाचे करार आणि हमीपत्रे कायदेपंडित लिहितात. त्यांच्या एकेका शब्दावर माणसाचे आयुष्य ठरते. त्या टेबलाभोवती आपली माणसे किती आहेत? आपली मुले एलएल.बी. होतात आणि तालुका कोर्टात जामिनाच्या अर्जातच अडकतात. ते काम मोलाचेच आहे, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. बाबासाहेब लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, ते केवळ वकिली करण्यासाठी नव्हे. चळवळीतील विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्कांचे करार अभ्यासावेत. परदेशी न्यायाधीशाला दिलेली हमी देशातल्या शेवटच्या कैद्यालाही लागू करा, अशी मागणी त्यांनी न्यायालयात लावून धरावी.

लिस्बनला दिलेला शब्द पाळता, मग 26 नोव्हेंबर 1949 ला आम्हाला दिलेला शब्दही पाळा!

जय भीम!