नहीं तो परभणी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्याला इतकी चिकटलीय की तिच्यातला टोमणा आता आम्हालाच ऐकू येत नाही. कुठं जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. कॉलेजात येणारे प्रेरणादायी वक्ते याच्या बरोबर उलटं सांगतात: मनापासून आवडेल तेच करा, बाकी सोडून द्या, मग जन्मभर काम केल्यासारखं वाटणारच नाही. पोरं टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन तलाठी भरतीचे पेपर सोडवतात.

मला या उपदेशातली ‘आवड’च खटकते. ती अगोदरपासून मनात पुरलेली आहे, फक्त उकरायची बाकी आहे, असं वक्ते धरून चालतात. जिंतूरकडच्या एखाद्या तांड्यावरच्या मुलीनं पगारी माणसं पाहिलेली असतात चार: मास्तर, नर्स, पोलीस, कंडक्टर. तिला ‘तुझी आवड शोध’ म्हणणं म्हणजे रिकाम्या कणगीत हात घालायला लावणं.

दाखले क्रिकेटपटूंचे देतात. माझ्याकडे घरचा आहे. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३. मॅट्रिकनंतर निजामाच्या बांधकाम खात्यात चिकटले; पुढं राज्य गेलं, फायली राहिल्या. त्या फायलींच्या आजूबाजूनं त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, ‘आडगावचे चौधरी’ आणि ‘जगाला कळले पाहिजे’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करतानाच गेले. वय अवघं चाळीस.

यावर कुणी म्हणेल, नोकरीनंच खाल्लं, सोडायची होती. आक्षेप हलका नाही. खाल्लं असेलही. पण ज्या राज्यात शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू, तिथं मराठी लेखणीवर कुणाची चूल पेटणार होती? त्यांच्या कादंबऱ्यांत निजामी अमलाखाली पिचणारा साधा माणूस आहे. तो कचेरीच्या खुर्चीवरून जितका जवळून दिसतो, तितका माडीवरून दिसत नाही, असं माझं मत.

दुसरी फळी वडीलधाऱ्यांची. पोट भरलं म्हणजे झालं, आवडनिवड हे पुण्याचे चोचले. वर जनाबाईचं नाव घेतात: आमच्या गंगाखेडची, नामदेवाघरी दळता-कांडता अभंग रचले, तिनं कधी कुरकुर केली का? जनाबाईला असं राबवू नये. परंपराच सांगते की तिच्या जात्याला हात लावायला विठ्ठलाला यावं लागलं. दळण एकटीच्या आवाक्यातलं असतं तर देव कशाला आला असता?

मग समाधान येतं कुठून? गंगाखेड रस्त्याला मोटारी भरणारा एक जण आहे. पाणबुडी मोटार जळाली की शेतकरी ती मोटरसायकलवर आडवी बांधून त्याच्याकडे आणतात. परवा त्यानं एक उघडली, वाकून नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “रात्री एक फेज गेली होती.” मालक चकित. दोन फेजांच्या गुंडाळ्या काळ्याठिक्कर, तिसरी कोरी. एवढ्यावरून त्यानं ओळखलं. मग जळकी तार खाचांतून उपसून काढणं, वेढे मोजत नवी तार भरणं, वेढा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मोजताना तो कुणाशी बोलत नाही. भरलेली मोटार फिरली की मात्र तिच्या आवाजाकडे कान लावून जरा जास्तच वेळ उभा राहतो.

“आवड होती का?” मी विचारलं.

“कसली आवड साहेब. धाव्वी गेली, मामाचं दुकान होतं. पहिली दोन वर्षं तर पळून जावं वाटायचं.”

आवड आली ती हातामागून. काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याचं आहे, मध्ये साहेब नाही, आणि चांगलं झालं की रानात पाणी दिसतं. पोरांना हे आधी सांगा: दोन वर्षं कंटाळा येणार आहे. आणि मालकांना, साहेबांना सांगा की माणसाच्या कामातलं शहाणपण काढून घेतलं तर दहा वर्षांनीही ते आवडणार नाही.

त्याचा मुलगा अभ्यासिकेत बसतो. त्याला का शिकवत नाही, असं विचारलं तर त्यानं उधारीची वही पुढं सरकवली. पानभर नावं, प्रत्येकासमोर एकच शब्द: कापूस.

“कापूस विकला की देतो म्हणतात,” तो म्हणाला, आणि मोडलेले वेढे पुन्हा एकपासून मोजायला लागला.