बदली नवऱ्याची, पासिंग बायकोच्या गाडीचं

गव्हाण फाट्यावर दहा मिनिटं उभं राहावं आणि नुसत्या नंबर प्लेटा वाचाव्यात. न्हावा शेवाच्या बंदराकडे निघालेल्या ट्रेलरांची रांग म्हणजे भारताचा नकाशाच असतो. गुजरात, राजस्थान, हरियाणा, आणि मधेच चक्क नागालँड! त्या ट्रेलरने कोहिमाचं तोंड तरी पाहिलं असेल का, असं वाटून हसू येतं. पण कायद्याने त्याचं काही चुकत नाही. मालवाहू गाडीला नॅशनल परमिट असतं. वर्षाला ठरलेली रक्कम भरली की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ती मोकळी. चाळीस फुटी कंटेनर घेऊन जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, ‘बाबा रे, तू इकडे किती महिने राहतोस?’

हा प्रश्न विचारला गेला तो माझ्या एका मैत्रिणीला. तिच्या छोट्याशा पेट्रोल गाडीवर ‘जीए-०६’ ही वास्कोची पाटी आहे म्हणून.

ही मैत्रीण आठ वर्षं वास्कोला होती. नवरा जहाज वाहतुकीच्या कंपनीत, म्हणजे आधी कांडला, मग मार्मागोवा आणि आता न्हावा शेवा. बंदरं बदलतात, तसं घर बदलतं. वास्कोला असताना तिने शिकवण्या घेतल्या, पैसे साठवले आणि स्वतःच्या नावावर गाडी घेतली. ‘माझी पहिली वस्तू, जिच्या पावतीवर माझं नाव आहे,’ असं ती तेव्हा म्हणाली होती. आता ती द्रोणागिरीला राहते आणि पनवेलच्या एका खासगी शाळेत शिकवते. इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. नवऱ्याच्या गाडीवर ‘बीएच’ नंबर आहे, ती कुठेही जायला मोकळी. हिची गाडी मात्र वर्ष उलटलं तशी अडकली.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यायलाच हवा. बारा महिने ही तशी उदार मुदत आहे. पण बदली झालेल्या घरातली पहिली बारा वर्षं... चुकले, बारा महिने कसे जातात ते बायकांनाच ठाऊक. मुलांच्या शाळा, गॅसचं कनेक्शन, दूधवाला, डॉक्टर, सासूबाईंच्या गोळ्या कुठे मिळतात याचा शोध. या सगळ्यात ‘गाडीचं पासिंग’ यादीत शेवटी येतं.

आणि करायला घेतलं की कळतं, हे एका कागदाचं काम नाही. आधी जुन्या आरटीओकडून ना हरकत दाखला, म्हणजे अठ्ठावीस नंबरचा फॉर्म. त्याला चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, चालू विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही ना हरकत. मग इकडे येऊन सत्तावीस नंबरचा फॉर्म, पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी, नव्या पाट्या. हल्ली अर्ज ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर भरता येतात हे खरं, तरी हेलपाटे पूर्ण चुकत नाहीत. (एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. दाखल्याच्या अर्जावर तीस दिवसांत लेखी नकार आला नाही, तर दाखला दिला असंच समजावं, अशी तरतूद कलम ४८ मध्ये आहे. खिडकीपाशी ती शांतपणे सांगावी.)

खरा चटका बसतो तो कराचा. गाडी घेताना आपण एकरकमी कर भरतो, त्याला आपण ‘लाइफ टाइम टॅक्स’ म्हणतो. पण ती लाइफ त्या राज्यापुरती! महाराष्ट्रात नव्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार अकरा ते तेरा टक्के पडतात. बाहेरच्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार कमी, पण भरावे लागतातच आणि तेही आधी. जुन्या राज्यात उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, मात्र नव्या नोंदणीचा पुरावा हातात आल्यावर. म्हणजे मधल्या काळात एकाच गाडीचा कर दोन सरकारांकडे. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईला तो काळ जड जातो.

आता तुम्ही म्हणाल, यासाठीच तर बीएच मालिका काढली ना? काढली. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचना निघाली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ती लागू झाली. कर एकदम भरायचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. डिसेंबर २०२२ पासून आधीच्या साध्या नंबरच्या गाडीलाही तो घेता येतो. योजना चांगलीच आहे. पण तो कोणाला मिळतो? संरक्षण दलातले, केंद्र-राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी. गाडी त्या कर्मचाऱ्याच्या नावावर हवी.

इथेच गोम आहे. बदली होते नवऱ्याची, पण गाव सुटतं दोघांचं. त्याच्या नोकरीमागे जिने आपली नोकरी तीनदा सोडली, तिला मात्र सरकारच्या लेखी बदली झालेलीच नाही. तिची शाळा एका गावातली, शिकवण्या घरातल्या, ब्यूटी पार्लर गल्लीतलं. तिला बीएच नाही. मग घरात साहजिकच निर्णय होतो, ‘पुढची गाडी माझ्याच नावावर घेऊ, कटकट नको.’ त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, सोय असते. पण सोयीसोयीने बाईच्या नावावरची एक एक वस्तू कमी होत जाते. गंमत पाहा, याच महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. घर तिच्या नावावर असावं असं सरकारला वाटतं आणि गाडी तिच्या नावावर परवडू नये अशी व्यवस्थाही सरकारच करतं.

‘नावात काय आहे, चालवते तर मीच,’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी विम्याची पॉलिसी एकदा काढून वाचावी. तीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं. २०१८ पर्यंत ते बरंच कमी होतं, त्या वर्षी वाढवलं. पण ‘मालक-चालक’ म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि स्टीअरिंगवर तुम्ही असाल, तर पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे ते पंधरा लाख तुमच्यासाठी नाहीत. जादा संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. किती घरांत ते घेतलेलं असतं?

राज्य बदलल्यावर विम्याचं काय, हाही प्रश्न मैत्रिणीने विचारला होता. त्यात घाबरण्यासारखं फार नाही. पॉलिसी देशभर चालते, थर्ड पार्टीचा दर सगळीकडे सारखा आणि ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा, त्यामुळे तो बुडत नाही. नोंदणी महानगरात गेली तर स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता थोडा वाढू शकतो, इतकंच. मात्र नवा नंबर आणि नवा पत्ता कंपनीला कळवून पॉलिसीवर चढवून घ्यायचा. पॉलिसीवर एक नंबर, पाटीवर दुसरा, असं असेल तर ऐन अपघाताच्या वेळी धावपळ होते. आणि एक अप्रिय पण गरजेची गोष्ट. नवरा गेला आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा. त्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून आत्ता सांगते.

अमेरिकेत निवृत्तीनंतर घर विकून बारमाही मोटारघरात राहणारी मंडळी असतात. ती कर आणि विमा स्वस्त पडेल असं एखादं राज्य, बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा, कागदोपत्री पत्त्यासाठी निवडतात. आपल्याकडे असं कोणी केलं की प्रकरण होतं. २०१७ मध्ये केरळमधल्या बड्या लोकांच्या महागड्या गाड्या खोट्या पत्त्यांवर पुदुच्चेरीत नोंदल्याचा किती गाजावाजा झाला! ते योग्यच झालं. पण त्यांनी कर चुकवला होता. माझ्या मैत्रिणीने तो भरलेला आहे, फक्त दुसऱ्या राज्यात.

वाहनावरचा कर हा राज्यांचा हक्क आहे, तो कोणी सोडणार नाही, हे समजू शकतं. मग दोन राज्यांनी आपसात हिशेब करावा, बाईला मधे हमाल कशाला करता? ते जमत नसेल तर निदान बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला, स्वतःच्या नावावरच्या एका गाडीपुरता, बीएच नंबर द्यावा. बदलीचा आदेश आणि लग्नाचा दाखला, एवढे दोन कागद पुरे आहेत. कंपन्या सामानाच्या टेम्पोचे पैसे देतात, त्यात बायकोच्या गाडीच्या पासिंगचा खर्चही धरावा. नवऱ्यांनी एचआरकडे हे मागायला लाजू नये.

मैत्रिणीची गाडी गेल्या आठवड्यात पनवेलला तपासून झाली. ‘एमएच-४६’ची पाटी लागली, पॉलिसीवर नवा नंबर चढला, परताव्याचा अर्ज गोव्याला पाठवून झाला. संध्याकाळी तिचा फोन आला. मी अभिनंदन करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘अगं, हे आत्ताच सांगत होते, मंगळूरची पोस्ट रिकामी होतेय.’