घरचे विज्ञान : बिननावाची बाटली



कार्यक्रमाला नेसायच्या पांढऱ्या साडीवर भाजीचा पिवळा डाग पडतो. घरी येऊन आपण त्याला साबण लावतो, तर डाग जाण्याऐवजी लालभडक होतो. मग वाटते, साबणच खराब निघाला! तसे नसते. भाजीत हळद असते आणि साबणात अल्क. हळदीला अल्काची गाठ पडली की ती लाल होते. त्याच डागावर लिंबाचे चार थेंब पिळा, तो पुन्हा पिवळा होईल, कारण लिंबात आम्ल आहे. रिसोड-वाशीमच्या बाजारात हळदीची पोती उतरताना आपण पाहतो. त्या हळदीत एक छोटी प्रयोगशाळाच दडलेली आहे.

आम्ल म्हणजेच ॲसिड. हा शब्द ऐकला की आपल्याला संडास धुण्याची बाटली नाहीतर वर्तमानपत्रातली एखादी भयंकर बातमी आठवते. पण ॲसिड आपल्या ताटात आहे, वावरात आहे आणि पोटातही आहे. कोणते ॲसिड कुठे आहे आणि किती तीव्र आहे, हे कळले तर त्याच्याशी नीट वागता येते. कळले नाही तर घात होतो.

सामूची पट्टी

ज्यांनी वावराची माती तपासून घेतली आहे त्यांनी अहवालात ‘सामू’ हा शब्द पाहिला असेल. आंबटपणा मोजण्याची ही पट्टी शून्यापासून चौदापर्यंत असते. मधला सात म्हणजे शुद्ध पाणी, धड आंबट नाही की खारट नाही. सातच्या खाली आम्ल, वर अल्क. या पट्टीवर एक घर खाली उतरलो की आंबटपणा दहापट वाढतो, हे मात्र विसरू नये. सामू पाच आणि सामू तीन यांत दोनाचा नाही, शंभरपटीचा फरक असतो.

आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे तिचा सामू बहुधा सातच्या वरच भरतो. विश्वास बसत नसेल तर वावरातला चुनखडीचा पांढरा खडा आणा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल. आम्ल चुनखडीला खाते आणि त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो, त्याचा तो फेस. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तर या पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडचे. त्याच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे दिसले. चमत्कार वगैरे काही नव्हता.

पावसाचे स्वच्छ पाणीही किंचित आंबट असते. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू साडेपाचच्या आसपास येतो. कोळसा आणि तेल जाळल्यावर गंधकाचे व नायट्रोजनचे वायू हवेत जातात. ते पावसात मिसळले की पाऊस आणखी आंबट होतो. त्यालाच आम्लवर्षा म्हणतात. तिने युरोपात तळ्यांतले मासे मेले, जंगले वाळली, दगडी शिल्पे झिजली. लिंबू चुनखडीचे जे करते, तेच आम्लाचा पाऊस संगमरवराचे करतो.

हरभऱ्याची आंब

थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्याच्या वावरातून चालत गेलेल्याला आंब ठाऊक असते. हरभऱ्याच्या पानांवर बारीक केस असतात आणि त्यांतून आंबट रस पाझरतो. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. रात्रीच्या दवात ती मिसळतात. आपली जुनी माणसे पहाटे स्वच्छ फडके पिकावरून फिरवून ते बाटलीत पिळून घेत आणि ही आंब पोटदुखीवर, अपचनावर थेंब-थेंब देत. झाडाने हा रस स्वतःच्या रक्षणासाठी केलेला आहे. घाटे अळीची वाढ त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने खुंटते, असे अभ्यासात आढळले आहे.

पण हीच आंब सोंगणीला गेलेल्या मजूर बाईच्या बोटांना चरे पाडते. पायांची आग होते, चपला कडक होऊन तडकतात. वावराच्या मालकाच्या लक्षातही हे येत नाही, कारण सोंगणी तो करत नाही. म्हणून सोंगणीला जाताना हाताला जुने मोजे किंवा फडके बांधावे, पाय झाकावे. घरी आल्यावर हात-पाय भरपूर पाण्याने धुऊन थोडे गोडेतेल लावावे. जी वस्तू थेंबभर घेतली तर औषध ठरते, तीच दिवसभर अंगाला लागली तर जखम करते. आम्लाचा पहिला धडा हाच आहे.

पोटातली भट्टी

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. संडास धुण्याच्या बाटलीत असते तेच, फक्त पातळ. जठरातला सामू दीड ते साडेतीनच्या दरम्यान असतो. अन्नातले जंतू त्याने मरतात आणि डाळ-मटणातली प्रथिने पचायला मदत होते. मग जठर स्वतःच का जळत नाही? त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थराचे अस्तर असते म्हणून. ते अस्तर फाटले की व्रण होतो, म्हणजे अल्सर.

पूर्वी डॉक्टरही म्हणत की काळजी आणि तिखट खाण्याने अल्सर होतो. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोघांनी दाखवून दिले की बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. कोणी ऐकेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. म्हणजे अल्सर हा बरा होणारा आजार आहे. त्यावर ठराविक दिवसांचे औषध असते, पण ते डॉक्टरांनी तपासून द्यायचे असते.

आपल्या वस्त्यांत अल्सरचे दुसरे कारण फार दिसते, ते म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर ओझी वाहून, निंदण करून अंग ठणकते. मग किराणा दुकानातून गोळी आणायची आणि काळ्या चहासोबत उपाशीपोटी घ्यायची. या गोळ्या जठराचे अस्तर पातळ करतात. जोडीला तंबाखू-बिडी असली तर व्रण भरून यायलाही वेळ लागतो. काळ्या डांबरासारखी शौच झाली किंवा उलटीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. छातीत जळजळ झाली की ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपणारी माणसे हृदयविकाराने गेली आहेत. छातीवर दाब येणे, घाम फुटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, दम लागणे यांपैकी काही असले तर सोडा नको, थेट दवाखाना. छातीची पट्टी काढून पाहिल्याशिवाय ती ॲसिडिटी आहे असे घरच्या घरी ठरवू नये.

बाटलीवर नाव लिहा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्यातल्या कितीतरी भगिनी आणि भाऊ दुसऱ्यांच्या घरी, शाळेत, दवाखान्यात, कार्यालयात साफसफाईचे काम करतात. नव्या इमारतीच्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढतात. हातात ॲसिडची बाटली दिली जाते, हातमोजे दिले जात नाहीत. बाटली कसली? थंड पेयाची नाहीतर पिण्याच्या पाण्याची, रिकामी झालेली. वर नाव नाही, खूण नाही. ती घरी येते, मोरीत राहते. उन्हातून खेळून आलेले लेकरू ती तोंडाला लावते. त्यानंतर जे होते ते सांगवत नाही. अन्ननलिका आतून भाजते, पुढे आकसते आणि त्या लेकराला वर्षानुवर्षे घास गिळता येत नाही.

म्हणून सुटे ॲसिड खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही घेऊ नका. घरात असलेच तर मूळ बाटलीत, लेकराचा हात पोहोचणार नाही अशा जागी आणि शक्यतो कुलपात ठेवा. वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा. न वाचता येणाऱ्यांसाठी लाल खूण करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते. ती मुलांच्या वाटेत ठेवू नका.

संडासाच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीच मिसळू नका. दोन्ही एकत्र केले तर जास्त स्वच्छ निघेल असे वाटते, पण त्यातून क्लोरिन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र गावाजवळ सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद मोरीत तो छातीत गेला तर जीव गुदमरतो. ॲसिड पातळ करायचेच असेल तर आधी पाणी घ्यावे आणि त्यात हळूहळू ॲसिड सोडावे. ॲसिडवर पाणी ओतले की ते उकळून अंगावर उडते.

खरे तर आपल्याला एवढ्या तीव्र ॲसिडची गरजच नसते. बोअरच्या जड पाण्याने बादलीला, नळाला, भांड्याला पांढरा खार धरतो. तो चुनखडीचाच थर असतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून तासभर ठेवा आणि घासा. निघतो. शहाबादी फरशी तर चुनखडीच्याच दगडाची आहे. तिच्यावर ॲसिड टाकले की डागाबरोबर फरशीही जाते.

गटारातला वायू

बंद गटारात आणि शौचालयाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो फार झाला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. माणसाला वाटते वायू गेला, आणि तो आत उतरतो. वरून ॲसिड ओतले असेल तर हा वायू आणखी सुटतो. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, आणि एका घरातली तीन माणसे जातात.

असे काम माणसाला आत उतरवून, सुरक्षेच्या साधनांशिवाय करून घेणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. पण पैशाने गेलेला माणूस परत येत नाही. कोणी शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन ‘जरा उतर’ म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणा. नाही म्हणण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे.

कायदा काय सांगतो

ॲसिड शस्त्र म्हणून वापरले जाते आणि त्याला बहुतेक वेळा बायाच बळी पडतात. लक्ष्मी या तरुणीने केलेल्या याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. दुकानदाराने ॲसिड विक्रीची नोंदवही ठेवावी, फोटो असलेले ओळखपत्र पाहावे, कशासाठी हवे ते विचारावे आणि १८ वर्षांखालील कोणालाही विकू नये. पीडितेला किमान ३ लाख रुपये मिळावेत, असेही न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी ॲसिड हल्ल्यासाठी किमान १० वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या १२४ व्या कलमात आहे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर तातडीने मोफत उपचार केलेच पाहिजेत. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनाही आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

अपघात झालाच तर

अंगावर ॲसिड पडले तर कपडे लगेच काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरा. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी सोडत राहा. हळद, चुना, सोडा, टूथपेस्ट काहीही लावू नका. पोटात गेले असेल तर उलटी करायला लावू नका, कारण वर येताना ते पुन्हा भाजते. तोंड धुवा, १०८ ला फोन करा आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

या रविवारी मुलांना घेऊन बसा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. एका वाटीत लिंबू पिळा, पाणी लालगुलाबी होईल. दुसरीत खाण्याचा सोडा टाका, हिरवट होईल. संडासाचे ॲसिड मात्र या खेळात आणू नका. खेळ झाला की मोरीत जा, फळीवरच्या बाटल्या एकेक करून खाली काढा आणि ज्या बाटलीवर नाव नाही तिच्यावर आजच नाव लिहा. मुलाला अक्षर येत असेल तर त्याच्याच हातून लिहून घ्या. स्वतः लिहिलेली बाटली ते कधी तोंडाला लावणार नाही.