२८२ गुणांचा सत्कार

दहावी-बारावीचे निकाल लागले की यवतमाळ, पुसद, उमरखेडकडच्या आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर संदेश फिरू लागतात : 'विहारात गुणवंतांचा सत्कार. ८५ टक्क्यांवरच्या विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स द्यावी.' अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालन मीही केले आहे. हल्ली मात्र तिथे न आलेली पोरे आठवतात.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे सुमारे साडेसदतीस टक्के. त्यांच्या सत्काराची सभा मुंबईत भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. तेव्हाची गुणपद्धती वेगळी होती, हे मान्य. तरी आजच्या आपल्या अटीत तो मुलगा बसला नसता.

घरोघरी 'बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे' हे वाक्य चाबकासारखे वापरले जाते. सुभेदार रामजीही कडकच होते. परळच्या एका खोलीत ते पोराला पहाटे दोनला उठवायचे. पण तोवर स्वतः जागे राहायचे. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकायचे. त्या कडकपणात बाप स्वतःही राबत होता. आपण त्यातला फक्त कडकपणा उचलला.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून शिक्षक बापाने बारावीतल्या मुलीला मारले, ती दगावली. आपण हळहळलो आणि 'आमच्या घरी असे नाही' म्हणालो. पण मारच लागतो असे नाही. दारव्हा तालुक्यातली एक आई मला म्हणाली, "आमी त्याले कदी हात नाई लावला जी. फक्त किती पैसे लागले ते सांगत होतो." नांदेडच्या क्लासची फी, खोलीभाडे, सावकाराचे व्याज, सगळे त्या पोराला तोंडपाठ होते.

आईबापाची भीती खोटी नाही. कोरडवाहू दोन-चार एकर, नाहीतर तीही नाही. कापसाचा भाव कुणाच्या हाती नाही. सरकारी भरती कंत्राटावर गेली. शिक्षणाशिवाय आपल्याकडे दुसरे आहेच काय? पण ही सगळी भीती एकाच परीक्षेवर लादली जाते. २०२५ मध्ये नीटला सुमारे २२ लाख मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. उरलेल्यांनी कुठे जायचे, हे घरात कुणी बोलत नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. शेतकरी आत्महत्यांचे आकडे मोजणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हेही आकडे वाचावेत.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोचिंग क्लासना बजावले : गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका. क्लासचे पाहू नंतर. आपल्या विहारातल्या खुर्च्या तरी आपण कशा मांडतो?

यंदा आमच्या वस्तीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. टक्क्यांची अट काढायची आणि पुरवणी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कार्यक्रम थांबवायचा. आयटीआय, नर्सिंग, पॉलिटेक्निकला गेलेल्या आपल्याच पोरापोरींना त्याच मंचावर बोलवायचे. आईबापांसाठी वेगळी बैठक घ्यायची, आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहायचा. विरोध होईल. 'मग पोरं अभ्यास कशाला करतील?' असे एक ज्येष्ठ मागच्याच बैठकीत विचारून गेले. त्यांना १९०७ ची ती सभा सांगणार आहे.