मालकी सर्वांची, वापर मोजक्यांचा

संगणकाचा विषय आमच्या काही वाचकांना परका वाटण्याचा संभव आहे. परंतु सामुदायिक मालकीचा एक मूलभूत प्रश्न आज तेथेच उभा आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात जगभरच्या स्वयंसेवकांनी हजारो सॉफ्टवेअर तपासून, बांधून, एका सामायिक भांडारात सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. कोणते सॉफ्टवेअर कशावर अवलंबून आहे याचा हिशेब ठेवून ती संगणकावर चढवणारे वा उतरवणारे साधन म्हणजे पॅकेज मॅनेजर. एका अर्थाने हा सहकाराचाच विजय होय.

मात्र हे साधन बोलते ते जाणकारांच्या भाषेत. २०२१ साली यूट्यूबवरील प्रसिद्ध निवेदक लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवू पाहिले. साध्या खिडकीतून ते जमेना, म्हणून त्यांनी टर्मिनलचा आश्रय घेतला. पॅकेज मॅनेजरने काढून टाकावयाच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली, इशारा दिला आणि संमतीचे एक वाक्य टंकावयास सांगितले. त्यांनी ते टंकले. परिणामी प्रणालीचा डेस्कटॉपच नाहीसा झाला! ‘इशारा वाचला का नाही?’ असा उलट सवाल अनेकांनी केला. दोष अवलंबित्वाच्या गणितात होता, खापर मात्र वापरणाऱ्याच्या माथी फोडले गेले. एपीटीच्या विकसकांनी पुढे ही वाट बंद केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे.

सामान्य माणसाची अडचण दुर्लक्षिली की ती पोकळी दुसरे कोणी भरून काढतो. स्नॅप व फ्लॅटपॅक या नव्या पद्धतींत लागणारा बहुतेक सरंजाम सॉफ्टवेअरसोबतच येतो, त्यामुळे बसवणे सुकर होते. पण स्नॅपचे भांडार कॅनॉनिकल या एकाच कंपनीच्या हाती आहे व त्याच्या सर्व्हरची संहिता खुली नाही. म्हणूनच लिनक्स मिंटने २०२० साली आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅपला आपोआप प्रवेश नाकारला. हा निर्णय तत्त्वाला धरून होता. तथापि केवळ दार लावून घेतल्याने नवख्याची अडचण सुटत नाही.

विहीर गावाच्या मालकीची, पण पाणी शेंदण्याची युक्ती चौघांनाच ठाऊक, अशा स्थितीत गाव अखेर टँकरवाल्याच्या दारी जाते. सुलभता ही चैन नव्हे. सामुदायिक मालकीला अर्थ प्राप्त करून देणारी ती पूर्वअट आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी, आणि सामुदायिक मालकीचा आग्रह धरणाऱ्या आपण सर्वांनीही, हे ओळखले पाहिजे.